मऊ अंडं

"आज मऊ अंडं होतं. तुला येत नाही ना ते?" पाळणाघरातून आल्यावर लेकीने बूट काढता काढता विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रंगखडूंकडे पळाली. तक्रारीचा सूर नव्हता, हट्टही नव्हता. मी मात्र भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा तेच वाक्य घोळवत राहिले. इथले कितीतरी पदार्थ मला येत नाहीत आणि त्याचं कधी काही वाटलेलं नाही. पण चार वर्षांच्या माझ्या मुलीला जिवापाड आवडणारं काहीतरी आहे, ते ती दुपारी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाते आणि माझ्या घरात ते कधी शिजलेलंच नाही, हे मनात रुतून बसलं. त्यात थोडी असूया होती. थोडी भीतीही होती. मोठेपणी परमुलखात एकटी असताना हिला भूक लागली, तर हिला कशाची आठवण येईल?

आम्ही दक्षिण कोरियात देजॉनला राहतो, युसॉंग भागात. इथल्या पाळणाघरातून दर महिन्याला जेवणाचा तक्ता घरी येतो. भात, एक पातळ सूप, दोन-तीन तोंडीलावणी आणि लहान मुलांसाठी मिरची न घातलेली पांढरी किमची, म्हणजे आंबवलेला कोबी, असं रोजचं ताट. मी तो तक्ता इतकी वर्षं फ्रिजवर लावत आले होते, पण वाचायचे ते फक्त लेकीला काही बाधेल का एवढंच बघायला. त्या रात्री उठून पुन्हा वाचला. ग्येरानजिम, म्हणजे वाफवलेलं मऊ अंडं. महिन्यात चार-पाच ठिकाणी तेच नाव. म्हणजे मी घरी कांदा-मिरचीची बुर्जी करायचे, लेक त्यातला कांदा वेचून ताटाच्या कडेला मांडायची, "तिखट" म्हणायची आणि मी "एवढंही नाही खात" म्हणून वैतागायचे, तेव्हा तिच्या जिभेला अंड्याची एक वेगळीच ओळख झालेली होती. तिला अंडं आवडत होतं. माझं अंडं आवडत नव्हतं.

खरं तर ग्येरानजिम मी असंख्य वेळा खाल्लेलं होतं. कोरियात राहणाऱ्या कुणाला ते चुकत नाही. देजॉनमध्ये दुबू-दुरुचिगी फार चालते, म्हणजे तांबड्या जहाल रश्शात परतलेलं टोफू. ते खाताना कानशिलं तापली, नाक वाहायला लागलं की बाजूला एक काळं मातीचं भांडं येतं. भांड्यातलं अंडं काठाच्या वर टम्म फुगलेलं असतं, कडेने बुडबुडत असतं, वर चिमूटभर पातीचा कांदा. चमचा घातला की वाफेचा लोट निघतो आणि आतून पिवळं, ओलं, थरथरणारं काहीतरी येतं, खर्वसाच्या जवळपासचं, पण खारं. पुष्कळ खानावळींत ते मागवावंही लागत नाही. वाढणाऱ्या इमो, म्हणजे मावशी, "सर्व्हिस!" म्हणत आणून ठेवतात, म्हणजे त्याचे पैसे नाहीत. ताटातला मान टोफूचा, मांसाचा, मासळीचा. अंडं जिभेची आग विझवायला. ते जेवून घरी आल्यावर कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. मीही कधी बोलले नव्हते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक हाल्मॉनी, म्हणजे आजी, राहतात. मूळच्या होंगसॉंगकडच्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना विचारायला गेले, तेव्हा "एवढंच?" असं म्हणत त्या मनापासून हसल्या आणि मग बराच वेळ थांबून आठवू लागल्या. त्यांच्या लहानपणी अंडी दहाच्या जुडीने मिळायची, भाताच्या पेंढ्यात एकामागे एक गुंडाळून बांधलेली. अशी जुडी भेट म्हणून न्यायची वस्तू होती. घरातल्या कोंबडीचं अंडं विकायचं, त्यातून वह्या-पेन्सिली यायच्या. खायला मिळायचं ते वडिलांच्या ताटात किंवा पाहुणा आला तर. शाळेच्या डब्यात एखाद्या मुलाच्या भातावर तळलेलं अंडं असलं की वर्गभर बातमी व्हायची, म्हणून काही आया ते भाताच्या खाली लपवून द्यायच्या. आणि ग्येरानजिम? तेव्हा त्याला वेगळी शेगडी कुठली. मोठ्या लोखंडी कढईत भात मुरायला ठेवायचा, त्या भातावरच अंडं फेटलेला वाडगा ठेवून द्यायचा आणि वर झाकण. भाताच्या वाफेवर भाताबरोबरच ते तयार. दोन अंड्यांत वाडगाभर पाणी घातलं की घरातल्या सगळ्यांना चमचा-चमचा मिळायचं. "पाणी कशाला घालायचं? पुरावं म्हणून," हाल्मॉनी म्हणाल्या.

हे ऐकल्यावर मला आमच्या रेवदंड्याच्या घरातला अंड्याचा रस्सा आठवला. उकडलेली अंडी दोऱ्याने मधोमध कापलेली आणि प्रत्येकाच्या वाटीत अर्धं. रस्सा हवा तेवढा घ्या, अर्धं अंडं शेवटच्या घासासाठी जपून ठेवा. आम्ही मसाल्याने अंडं पुरवलं, यांनी पाण्याने.

आता इथे अंडी तीस-तीसच्या ट्रेमध्ये मिळतात, बहुतेक सगळी तपकिरी कवचाची. प्रत्येक अंड्यावर छाप असतो. पहिले चार आकडे कोंबडीने अंडं घातल्याच्या तारखेचे, मग शेताची पाच अक्षरी खूण आणि शेवटी एकच आकडा, कोंबडी कशी वाढली ते सांगणारा. १ म्हणजे मोकळी हिंडणारी, ४ म्हणजे नेहमीच्या पिंजऱ्यातली. घातल्याची तारीख छापायची सक्ती २०१९ सालापासूनची. त्याआधी २०१६-१७ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूमुळे इथे अंड्यांचा असा दुष्काळ पडला होता की जानेवारीत अमेरिकेहून विमानाने अंडी आणावी लागली. हाल्मॉनींना तो हिवाळा चांगला आठवतो. खानावळींनी फुकटचं अंडं बंद केलं, तेव्हा लोकांना ते आठवायला लागलं, असं त्या म्हणतात. मी त्या छापातले चार आकडे बघून कालचीच अंडी उचलली. ताजं अंडं हवं, असं काही कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं.

मातीचं भांडं, तुक्बेगी, हाल्मॉनींनी त्यांच्याकडचं जुनं दिलं. नवं घेतलंस तर आधी तांदळाच्या धुवणाने उकळून घे, आणि साबण लावू नकोस, माती साबण पिते, अशी ताकीदही दिली. राहिलं ते मीठ. मीठ साधं नको. सेउजॉत हवं, म्हणजे मिठात मुरवलेले इवले इवले कोलीम, कोळंबीसारखे जीव. "मिठाने खारट होतं, सेउजॉतने चव येते," हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की दुकानातली प्लास्टिकची बाटली घेण्याऐवजी मी युसॉंगच्या बाजाराची वाट पाहिली. हा बाजार दर पाच दिवसांनी भरतो, तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ आला की. आपल्याकडच्या आठवडी बाजारात हिंडलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. जमिनीवर पसरलेल्या भाज्या, मुळ्यांचे ढीग, रानातली पानं निवडत बसलेल्या म्हाताऱ्या, ओरडणारे मासळीवाले. मुरवलेल्या मासळीच्या दुकानात एका ओळीत पिंपं मांडलेली होती. बाईंनी एकाचं झाकण काढलं.

जवळा.

डोळे मिटून मी सांगू शकले असते. थोडा वेगळा, ओला, आंबूस, मिठाने जड झालेला, पण त्याच्या तळाशी असलेला तो वास जवळ्याचाच. मी त्या पिंपात वाकून बघितलं. फिकट गुलाबी, अर्धपारदर्शक, नखाएवढे जीव आणि प्रत्येकाला काळ्या ठिपक्यासारखे दोन डोळे. नंतर शोधलं तेव्हा कळलं की हा केवळ माझ्या नाकाचा खेळ नव्हता. आपला जवळा म्हणजे ॲसेटिस इंडिकस आणि सेउजॉतचा कोलीम म्हणजे ॲसेटिस जॅपॉनिकस. एकाच कुळातली भावंडं. एक अरबी समुद्रात डोल जाळ्यात सापडतं, दुसरं कोरियाच्या पश्चिमेच्या पिवळ्या समुद्रात. आपण उन्हात वाळवलं, यांनी मिठात घातलं. ऊन आमच्याकडे फुकट होतं.

रेवदंड्याला एप्रिल-मेमध्ये अंगणात आजी जवळा पसरायची. बाजारातून वाळलेला आणलेला असला तरी तिला पुन्हा दोन उन्हं द्यायची असायची. आगोटीची बेगमी होती ती. पावसात होड्या बंद झाल्या की बोंबील, सोडे, सुकट यांच्यावरच चार महिने काढायचे. आम्ही मुलं राखणीला, कावळे हाकायला. पायाखाली आला की कुरकुर वाजायचा. आजी तो निवडायची, पाखडायची, आणि तव्यावर कोरडा भाजायला घ्यायची तेव्हा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कांदा, कोकम, हिरवी मिरची आणि मूठभर जवळा, सोबत तांदळाची भाकरी. पावसाळी रात्री याहून जास्त काही लागत नसे. त्यानंतर मी पुण्याला शिकायला गेले. आईने डब्यात जवळ्याची चटणी दिली होती. खोलीत डबा उघडला तेव्हा बरोबरच्या मुलीने खिडकी उघडली. ती काही बोलली नाही, घरमालकीण मात्र बोलल्या. त्या दिवसापासून मी सुट्टीहून परतताना आईला सांगायचे, लाडू दे, लोणचं दे, जवळा नको. आई विचारायचीही नाही का. तिला कळलं असणार. पुढच्या सगळ्या वर्षांत, पुण्यातल्या स्वतःच्या घरात आणि इथे देजॉनमध्येही, माझ्या स्वयंपाकघरात जवळा आला नाही. मी तो सोडला, असं मी कधी ठरवलं नव्हतं. तो हळूहळू माझ्या ताटातून निघून गेला.

आणि इथे, बाजाराच्या मधोमध, त्याच जिवाची प्रतवारी चालू होती. पाचव्या चांद्रमासात पकडलेला तो ओजॉत, सहाव्यातला युकजॉत, शरदातला चुजॉत. युकजॉत सगळ्यांत टपोरा, पांढरा आणि महाग, कारण तेव्हा कोलीम अंगाने भरलेला असतो. चुजॉत बारीक, तो किमचीत घालायला. हाल्मॉनींच्या होंगसॉंगमध्ये क्वांगचॉन नावाचं गाव आहे, तिथे डोंगरात खोदलेल्या भुयारांमध्ये पिंपं ठेवून हे सेउजॉत मुरवतात. भुयारात बारा महिने १४-१५ अंशांच्या आसपास गारवा असतो. त्याच्या नावाने लोक लांबून खरेदीला येतात. मी बाईंना युकजॉत मागितलं. त्यांनी लाकडी चमच्याने दोन कोलीम माझ्या तळहातावर ठेवले, चाखून बघ म्हणाल्या. मी चाखले. डोळ्यांत पाणी आलं ते मिठाने आलं असं त्यांना वाटलं असेल. आनंद होता त्यात, आणि संतापही होता. त्या खिडकी उघडणाऱ्या शहराचा, आणि ज्या सहजपणे आपल्याकडे एखाद्या घासाला नाक मुरडतात त्या सहजपणाचा. माझ्या आजीने उन्हात बसून निवडलेला जवळा कुणाच्या नाकाला खुपावा आणि तोच जीव इथे नावानिशी, महिन्यानिशी विकला जावा, याचा मेळ मला अजून बसलेला नाही.

करायला घेतलं तेव्हा संध्याकाळ होती, आणि हाल्मॉनी ओट्याशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. आधी पाणी. सुक्या म्यॉलचीची डोकी आणि पोटातला काळा भाग काढून टाकायचा, नाहीतर कडवट होतं. ही म्यॉलची म्हणजे आपल्या मांदेलीच्याच घराण्यातली. तिच्याबरोबर समुद्री वनस्पतीचा, दाशिमाचा, एक तुकडा. कढ आला की तो काढून घ्यायचा, कारण जास्त उकळला तर पाणी बुळबुळीत होतं. अंडी फेटायची, पण फेस आणायचा नाही, आणि गाळणीतून गाळायची. हे गाळणं मला अनावश्यक वाटलं होतं. गाळणीत राहिलेले पांढऱ्याचे चिवट धागे बघितल्यावर पटलं. सेउजॉत बारीक चिरून अर्धा चमचा, त्याचं थोडं पाणी. गाजराचे अगदी लहान तुकडे, पातीचा कांदा. लेकीसाठी म्हणून मीठ हातचं राखून.

तुक्बेगीत पाणी उकळायला लागलं की त्यात अंडं ओतायचं आणि चमचा तळाशी फिरवत राहायचं. इथे घाई चालत नाही आणि थांबणंही चालत नाही. नुसतं अंडं ६० ते ७० अंशांच्या दरम्यान धरायला लागतं, पण पाणी मिसळलं की त्याला आणखी उष्णता लागते, ८० च्या आसपास. त्याच्या वर गेलं, खळखळून उकळलं की ते आकसतं, त्याला भोकं पडतात आणि पाणी सुटतं. मातीचं भांडं तापायला वेळ घेतं आणि एकदा तापलं की गॅस बंद केला तरी शिजवत राहतं, म्हणून डोळ्यांनी नव्हे, चमच्याच्या जडपणाने ओळखायचं. आधी चमचा पाण्यात फिरतो. मग तळाशी मऊ गोळे लागायला लागतात. मग सगळंच सैलसर दही जमल्यागत जड होतं. "आता," हाल्मॉनी म्हणाल्या. आच अगदी बारीक केली आणि भांड्यावर दुसरं खोलगट भांडं पालथं घातलं. फुगायला वर जागा हवी, सपाट झाकण त्याला चेपून टाकतं. मग कान. आधी बुडबुडण्याचा आवाज, मग तो घट्ट होत होत चरचरायला लागतो, आणि खमंग, जरासा करपट वास येतो. तो आला की काढायचं.

पालथं भांडं उचललं तेव्हा अंडं काठाच्या वर आलेलं होतं, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. लेक स्टुलावर चढून बघत होती. "उगवलं!" ती ओरडली. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते खाली बसायला लागलं. हाल्मॉनींना त्याचं काहीच वाटलं नाही. फुगवटा वाफेचा असतो, तो बसणारच, खानावळीतला पोरगा धावत का येतो असं वाटतं तुला?

लेकीने फुंकर घालून पहिला घास घेतला. तिचा चेहरा मी वाचायला बघत होते. पाळणाघरातलं गुळगुळीत असतं आणि हे भोकाभोकाचं आहे, एवढं तिने सांगितलं, आणि मधला सगळा मऊ भाग एकटीने संपवला. तळाची आणि कडेची खरपूस साय माझ्यासाठी उरली. मी ती दुपारच्या पोळीत गुंडाळून खाल्ली. हाल्मॉनी म्हणाल्या, "तळ खरवडून खाणारी बाई चांगली असते." मुलीला हे घरी मिळालं याचं समाधान होतं. तरी एक गोष्ट खुपत राहिली, आणि ती मी झाकणार नाही. मी केलं म्हणून ते तिच्यासाठी आईच्या हातचं झालं नव्हतं. ती पाळणाघरातल्या चवीशी ताडून बघत होती. मूळ ते, माझी नक्कल. कदाचित आणखी काही वर्षांनी दोन्ही तिच्या मनात एकमेकांत मिसळून जातील. कदाचित नाही. मी तिच्या बुर्जीतला कांदा मात्र आता बारीक चिरते, मिरची मागून घालते आणि पूर्वीइतकी वैतागत नाही.

रात्री आईला फोन केला. अंड्यात जवळा, म्हटल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, "तुला चालतो आता जवळा?" मी हो म्हटलं. बाकी काही बोलायची गरज पडली नाही. मग तिचे प्रश्न सुरू झाले. हळद नाही? मिरची नाही? लसूणही नाही? मग वास कसा सोसता? दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला. कुकरच्या भांड्यात, शिट्टी न लावता वाफवलेलं, हळदीने पिवळंजर्द, वर कोथिंबीर आणि भाजलेल्या जवळ्याचा चुरा. बाबांनी दोनदा घेतलं म्हणे. लेकीने फोटो मोठा करून बघितला आणि आजीला व्हिडिओवर सांगितलं की पात घालायची असते. आजीने ते ऐकून घेतलं, आणि पात आमच्याकडे या दिवसांत मिळत नाही, असं तिला समजावलं.

हिवाळ्यात गावी जाणार आहे, तेव्हा येताना जवळा आणायचा, असं ठरवून टाकलं आहे. आधी तव्यावर कोरडा भाजून, मग पाण्यात उकळून, त्याच पाण्यात अंडं करून बघायचं माझ्या मनात आहे. म्यॉलचीच्या पाण्याऐवजी. ते जमेल का, असं हाल्मॉनींना विचारलं, तर त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "आधी घेऊन ये," म्हणाल्या, "मला वास घेऊ दे, मग सांगते."